आपला पत्ता उसना देऊ नका



संक्रांतीच्या सकाळी तिळाच्या वड्या थापत होते आणि फोन वाजला. स्थानकातल्या ओळखीच्या एक ताई. चातुर्मासात आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून सामायिक करतो, त्यामुळे नुसतं "तिळगूळ घ्या" म्हणायला फोन असेल असं वाटलं. तिळगूळ झाला, प्रकृती झाली, मग त्या म्हणाल्या, "भाभी, एक काम होतं. आरटीईचे फॉर्म आजपासून सुरू झालेत. ती शाळा तुमच्या घरापासून अगदी जवळ आहे ना? आमच्या नातवासाठी तुमचा पत्ता लावला तर चालेल का? अकरा महिन्यांचा करार करू. खर्च सगळा आमचा."

मी नाही म्हटलं. म्हणजे आधी थोडं इकडचं तिकडचं बोलले, हे घरी नाहीत, विचारून सांगते वगैरे. मग मलाच माझी लाज वाटली आणि सरळ सांगितलं, की नाही जमणार. त्या दुखावल्या. "पत्ताच तर मागतेय, घर थोडंच मागतेय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यांचा राग मला समजतो, कारण तीन वर्षांपूर्वी हाच पत्ता मी दिला होता.

ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांना पहिल्याच वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. आठवीपर्यंत फी नाही. आपल्या राज्यात अशा साधारण लाखभर जागा असतात आणि अर्ज त्याच्या दुपटीहून जास्त येतात, म्हणून सोडत निघते. जातीचा दाखला असेल तर उत्पन्नाची अट नाही. आपल्यासारख्यांना लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. पण खरी चाळणी लागते ती अंतराची. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांचा विचार आधी, मग एक ते तीन किलोमीटरवाल्यांचा, आणि तरीही जागा उरल्या तर त्यापलीकडच्यांचा. ज्या शाळेला मागणी आहे तिथं एक किलोमीटरच्या बाहेरच्याला बहुधा काही उरतच नाही. घर नऊशे मीटरवर की अकराशे मीटरवर, एवढ्यावर सगळं ठरतं.

आता माझी गोष्ट. २०२२ सालची.

माझी चुलत जाऊ कात्रजच्या पुढे राहते. आम्ही मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला. करोनात त्यांचं कापडाचं दुकान बसलं ते बसलंच. दीर दुसऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहायला जाऊ लागले. उत्पन्नाचा दाखला काढला तो खरा होता, त्यात काही लबाडी नव्हती. त्यांच्या मुलाचं पहिलीचं वर्ष. आमच्या घरापासून सातशे मीटरवर एक नावाजलेली इंग्रजी शाळा आहे, तिथं त्याला घालायचं जावेच्या मनात होतं. एक दिवस दुपारी ती आली आणि माझ्यासमोर रडली. मी काय केलं असतं? साधर्मिकाला मदत करायची नाही तर कोणाला करायची? आम्ही मागच्या खोलीचा भाडेकरार केला. नोटरीचा चालत नाही म्हणून दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदवला. पोर्टलवर नकाशा येतो, त्यावर एक लाल बलून असतो, तो ओढून आपल्या घरावर ठेवायचा. जावेनं तो आमच्या इमारतीवर ठेवला. मी बाजूला बसून सांगत होते, "अजून थोडा डावीकडे. हां, इथं."

सोडतीत नंबर लागला. आम्ही पेढे वाटले. कागदपत्रांच्या पडताळणीतही काही निघालं नाही. मे महिन्यात एका दुपारी शाळेकडून एक गृहस्थ चौकशीला आले. मी बाहेर गेले होते, घरी फक्त मावशी होत्या. मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी-फरशीला येतात त्या. वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, पण सगळी सोसायटी त्यांना मावशीच म्हणते. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की कोणी विचारलं तर मागच्या खोलीत भाडेकरू राहतात म्हणायचं. त्यांनी तसं सांगितलं. गृहस्थ गेले.

मावशींच्या मुलाचंही ते पहिलीचं वर्ष होतं हे मला माहीत होतं. त्यांनी त्याच शाळेत अर्ज भरलाय हे मात्र माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. त्या मागच्या वस्तीत राहतात, शाळा त्यांच्याही घरापासून किलोमीटरच्या आत. सोडतीत त्याचं नाव प्रतीक्षा यादीत आलं. तिसरा. जूनपर्यंत वाट पाहिली, यादी सरकली ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत. तिथंच थांबली.

एक जागा कमी पडली, मैत्रिणींनो. हिशेब अवघड नाही. आपण व्यापाऱ्याच्या घरातल्या बायका, एवढी वजाबाकी तोंडी करतो.

मला हे कळलं ते जुलैत, तेही मावशींनी मुलाला मनपाच्या शाळेत घातल्याचं सहज सांगितलं तेव्हा. आठवड्याभरानं चातुर्मास सुरू झाला. पर्युषणात प्रतिक्रमणाला बसले आणि दुसऱ्या व्रताचे अतिचार आले. लहानपणापासून म्हणत आलेय, जीभ आपोआप चालते. त्या दिवशी कूडलेहकरणे हा शब्द आला आणि मी अडखळले. खोटा लेख करणं. भाडेकरार तर आमच्या कपाटात होता. पुढच्या व्रतात कूडतुल्ल-कूडमाणे. खोटं वजन, खोटं माप. हे आजवर मला सासऱ्यांच्या दुकानातल्या तराजूपुरतं वाटायचं. बलून ओढून पाच किलोमीटरचे सातशे मीटर करणं हेही मापच की! आणि मी म्हणावं की मी कुठं काही केलं, केलं ते जावेनं, तर करणं आणि करवणं हे दोन्ही आपण सोडायला बसलेलो असतो. मी करवलंही होतं आणि अनुमोदलंही होतं. वर मावशींच्या तोंडून त्यांच्याच मुलाविरुद्ध खोटं वदवलं होतं.

संवत्सरीला मी मावशींना मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. दरवर्षी म्हणते तसं. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे, मला आलेला फोन मला एकटीलाच आलेला नाही. आपल्या मंडळातल्या तिघींशी बोलले, दोघींना या आठवड्यात असे फोन आलेत. आणि आपण हो म्हणतो. कारण आपल्याला वाटतं की यात फसवलं कोणाला? सरकारला. आणि सरकार काय, ते तर आपल्याला रोजच फसवतं. पण सरकारचं यात काही जात नाही. त्या जागेवर कोणतं तरी मूल बसणारच आहे. जातं ते ज्या मुलाचं घर खरोखर जवळ आहे त्याचं, आणि ते मूल बहुधा आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईचं, वॉचमनचं, गल्लीच्या टोकाला इस्त्रीचा ठेला लावणाऱ्याचं असतं. आपल्या सोसायट्यांच्या एक किलोमीटरमध्ये आरटीईला पात्र असलेलं दुसरं राहतं तरी कोण?

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली, तिचा मनस्ताप वेगळाच आहे. जावेच्या स्वतःच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत आरटीईच्या दोन शाळा होत्या. एक तर चांगली म्हणण्यासारखी. तिनं ती यादी कधी पाहिलीच नव्हती. "ती शाळा" डोक्यात बसली होती, म्हणून आधी शाळा ठरवली आणि मग पत्ता शोधला. तिचा मुलगा आज तिसरीत आहे, रोज सव्वा तास रिक्षात असतो. दीर परवा म्हणाले, फी वाचली ती रिक्षात गेली.

म्हणून माझं म्हणणं, पत्ता शोधण्याआधी शाळा शोधा. हे काम जानेवारीत फॉर्म निघाल्यावर करायचं नाही, दिवाळीच्या सुट्टीत करायचं. पोर्टलवर जिल्हा आणि तालुका निवडला की कोणत्या शाळेत किती जागा आहेत ते दिसतं. आपल्या भागातल्या शाळा वहीत उतरवून घ्या आणि संध्याकाळी मुलाचा हात धरून त्या प्रत्येकीपर्यंत चालत जा. चालताना जे कळतं ते नकाशात कळत नाही. मध्ये कॅनॉल आहे का, हायवे ओलांडायचा आहे का, पावसाळ्यात पाणी कुठं तुंबतं. अनुभवानं सांगते, नकाशावर जवळ दिसणारी शाळा पायी गेल्यावर दीडपट लांब निघते. अर्ज पोर्टलच्या अंतरावर ठरेल हे खरं, पण आठ वर्षं रोज जायचं आहे ते पायांनी.

अर्ज भरताना पत्ता टाईप करून थांबू नका. टाईप केल्यावर बलून कधी पोस्ट ऑफिसवर जाऊन बसतो, कधी भलत्याच चौकात. वस्तीतल्या आणि जुन्या वाड्यांतल्या पत्त्यांचं तर हमखास असं होतं. तो ओढून स्वतःच्या छपरावर आणायचा. प्रामाणिक बाईचाही बलून चुकला तर तिचं घर किलोमीटरच्या बाहेर पडतं, आणि अंतर जुळलं नाही की पडताळणीत प्रवेश जातो. शाळा दहापर्यंत निवडता येतात. एकाच शाळेवर डोळा ठेवून बाकीच्या जागा रिकाम्या सोडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. तसं करू नका. भाड्याचं घर असेल तर करार नोंदवलेलाच हवा आणि अर्जाच्या तारखेच्या आधीचा हवा, हे घरमालकाला आधीच सांगून ठेवा. आणि आपण स्वतः घरमालक असू तर भाडेकरूला करार नोंदवून द्या. कर लागेल, म्हाडाचं काही निघेल अशा भीतीनं आपण नाही म्हणतो आणि त्या पोराचा हक्क कागदाअभावी जातो. हाही एक उलटा अन्यायच आहे, पण तो लेख पुन्हा कधीतरी.

माझी नणंद लंडनमध्ये हॅरोला असते. तिकडेही शाळा अंतरावरच मिळते, सोडत न काढता थेट मीटर मोजून. घरापासून शाळेपर्यंत सरळ रेषेत. ती सांगते की तिथलं कौन्सिल दरवर्षी छापतं, गेल्या वर्षी या शाळेत शेवटचं मूल किती अंतरावरचं घेतलं. तो आकडा वाचून लोक घर भाड्यानं घ्यायचं की नाही ते ठरवतात. खोटे पत्ते तिथंही लावतात, पकडले गेले तर दिलेली जागा काढून घेतात. पण निदान आपलं घर कुठं बसतं ते आईला आधी समजतं. आपल्याकडे सोडत असल्यामुळे तसा एक आकडा निघणार नाही हे मान्य. तरी एवढं सांगता येईल ना, की गेल्या वर्षी अमुक शाळेच्या सगळ्या जागा एक किलोमीटरच्या आतल्याच मुलांनी भरल्या की तीनपर्यंत पोचल्या? शिक्षण विभागाकडे ही माहिती असणारच, सोडत त्यांचीच यंत्रणा काढते. ती अर्जाच्या आधी प्रत्येक शाळेसमोर लावली तर अर्ध्या आया उगाच आशेवर राहणार नाहीत. आणि माझ्या जावेसारख्या अर्ध्याजणी खोटा पत्ता शोधायच्या आधी घराजवळच्या शाळेचा विचार करतील.

या एक किलोमीटरची मोठी माणसंही कशी ओढाताण करतात ते २०२४ मध्ये आपण पाहिलं. ९ फेब्रुवारी २०२४ ला शासनानं नियम बदलला, की ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या २५ टक्क्यांतून सूट. शहरात कोणत्या शाळेच्या किलोमीटरमध्ये सरकारी शाळा नाही? अर्ज करायला बसलेल्या आयांना यादीत खासगी शाळा जवळजवळ दिसेनाशाच झाल्या, अर्जही एकदम रोडावले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्दच केला. पुढे सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं. पण या घोळात त्या वर्षीच्या मुलांचा प्रवेश जूनच्या पुढे गेला. जे माप मुलाला शाळेच्या जवळ आणण्यासाठी होतं, तेच त्याला बाहेर ठेवायला वापरलं गेलं.

आता जरा आपल्या घरातलं बोलते. काहीजणींना रुचणार नाही.

२०१४ च्या जानेवारीत जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. आम्ही सगळ्यांनी आनंद केला होता. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला की अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. म्हणजे आपल्या समाजाच्या ज्या ट्रस्टच्या शाळांकडे हा दर्जा आहे त्यांना २५ टक्के जागा द्याव्या लागत नाहीत. कायद्यानं ते योग्यच आहे, आणि आपली संस्था आपल्या पद्धतीनं चालवण्याचा हक्क मला हवाच आहे. कांदा-लसणाशिवायचा डबा, पाठशाळेचा तास, पर्युषणाची सुट्टी, हे टिकायला हवं. पण सूट मिळाली म्हणजे मनाई झाली असं नाही. पांजरपोळाला आपण लाखांनी देतो. शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीतली पाच-दहा मुलं दरवर्षी आपण होऊन घेतली तर कोणता ट्रस्टी आपल्याला अडवणार आहे? आमच्या मंडळात हा विषय मी मांडला तेव्हा एक काकू म्हणाल्या, "मग फी वाढेल." वाढेल थोडी. चढाव्याच्या बोलीत एका दिवसात जेवढं जमतं त्याच्या किती टक्के लागतील ते खजिनदारांना विचारा, मला हिशेब ऐकायला आवडेल.

राहिलं माझं. मावशींच्या मुलीचं आता पहिलीचं वर्ष. परवा मी त्यांना म्हटलं, दुपारी थांबा, आपण फॉर्म भरू. लॅपटॉप उघडला आणि मला पुढे बोलता येईना. शेवटी सगळं सांगितलं. तो करार, तो बलून, तुमचा मुलगा तिसरा होता ते. त्या फरशीवर बसल्या होत्या, खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसत नाहीत. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाभी, मला ठाऊक होतं. चौकशीला आलेल्या सायबाला मीच सांगितलं ना, राहतात म्हणून. मग जूनमध्ये यादी थांबली तेव्हा कळलंच मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? काम सुटलं असतं."

मी मिच्छामि दुक्कडम् म्हटलं, या वेळी कशाबद्दल ते सांगून. त्या "असू द्या" म्हणाल्या. असू द्या म्हणजे माफ केलं असं मी धरलेलं नाही. मुलगा त्यांचा मनपाच्या शाळेत चांगला शिकतोय, पाढे माझ्या पुतण्याहून पक्के आहेत, हे मी माझ्या समाधानासाठी सांगत नाही, तसं आहे म्हणून सांगते.

मग आम्ही तिघी शाळेपर्यंत चालत गेलो, मावशी, मुलगी आणि मी. त्यांच्या दारापासून माझ्या मोबाईलनं साडेआठशे मीटर दाखवलं. पोरगी वाटेत दोनदा बसली आणि एकदा चिंचा मागितल्या. घरी येऊन फॉर्म भरला. पत्ता टाकला तर बलून गेला थेट मुख्य रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर. मी ओढायला गेले तर मावशी म्हणाल्या, "थांबा, मी करते." त्यांनी बोटानं हळूहळू तो गल्लीत आणला, नळकोंडाळ्याच्या पुढे, तिसऱ्या पत्र्यावर. दहा शाळा भरल्या. सोडत अजून व्हायची आहे.

आणि त्या फोनवाल्या ताईंना मी काल स्वतःहून फोन केला. म्हटलं, नातवाचे कागद घेऊन या, तुमच्या घराजवळ कोणत्या शाळा आहेत ते आपण दोघी बघू. "बघते," म्हणाल्या. शनिवारी दुपारी मी घरीच आहे.